रॅपुंझेलची वेणी आणि ज्वारीचं रान : संगणकातल्या लांब केसांचा इतिहास

माझा पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा : तेल लावून घट्ट घातलेली वेणी संगणकावर हलताना खरी कशी वाटेल? बीडकडचे नातेवाईक हे ऐकून आधी हसतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, "पण त्याच्यात अवघड काय आहे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. १९९३ साली 'जुरासिक पार्क'मध्ये संगणकाने डायनासोर पळवून दाखवला, आणि तो लोकांना खरा वाटला. पण खांद्यापर्यंत मोकळे केस असलेली एक शाळकरी मुलगी, जिची बट चेहऱ्यावर येते आणि ती हाताने मागे सारते, ती धड उभी करायला २००४ उजाडलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला प्राणी आधी जमला आणि रोज आरशात दिसणारी गोष्ट अकरा वर्षांनी. असं का झालं, ते या लेखात इतिहासाच्या अंगाने सांगते. वाटेत एक मराठी आडनाव भेटेल, पुणे-मुंबई भेटेल, आणि शेवटी आपण परत आपल्याच भागातल्या एका फार जुन्या प्रश्नाशी येऊ.

आधी थोडा हिशोब

माणसाच्या डोक्यावर साधारण एक ते दीड लाख केस असतात. एका केसाची जाडी सरासरी ०.०७ मिलिमीटर धरा आणि लांबी ७० सेंटिमीटर, म्हणजे कंबरेच्या आसपास येणारे केस. लांबी जाडीच्या दहा हजार पट झाली. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर फडातला ऊस घ्या. कांडं ३ सेंटिमीटर जाड असेल, तर या हिशोबाने तो ऊस ३०० मीटर उंच हवा. असा ऊस वाऱ्यात कसा हलेल हे सांगायचं, आणि असे लाखभर ऊस एका डोक्याएवढ्या जागेत एकमेकांना घासत उभे आहेत असं समजायचं. आमच्या कामाचं स्वरूप हे असं आहे.

दुसरी अडचण केसाच्या स्वभावात आहे. केस ओढून बघा, तो सहज लांबत नाही. वाकवून बघा, बोटाभोवती लगेच गुंडाळला जातो. ताणायला ताठ आणि वाकायला मऊ, असा हा दुहेरी स्वभाव संगणकाला फार छळतो. ताठ गोष्टीचं गणित सोडवताना वेळेची पावलं फार छोटी घ्यावी लागतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं लागतात, पण केसांसाठी प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये आणखी कितीतरी पावलं मोजावी लागतात. पाऊल जरा मोठं पडलं की आकडे भरकटतात आणि पडद्यावर केसांचा अक्षरशः स्फोट होतो. आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो स्फोट पाहिलेला असतो.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी : केस एकमेकांना लागतात. एक लाख केस, प्रत्येकाचे ५० छोटे तुकडे केले, तर ५० लाख तुकडे झाले. यातला कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला भिडतोय हे जोडी-जोडीने तपासायचं म्हटलं तर जवळपास साडेबारा लाख कोटी जोड्या होतात. त्याही एका पावलासाठी. शेजारशेजारचे तुकडेच तपासायचे अशी युक्ती करून हा आकडा खूप खाली आणता येतो, पण लांब केसांत शेजारीच इतके असतात की काम तरीही संपत नाही.

या तीन अडचणी लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे यातली कोणती, कोणी, कशी टाळली याचीच गोष्ट आहे.

एकेक केस मोजणारे

सुरुवात हलत्या केसांपासून नाही, दिसणाऱ्या केसांपासून झाली. १९८९ साली जेम्स कजिया आणि टिमोथी के यांनी एका लवदार टेडी बेअरचं चित्र संगणकावर तयार केलं. त्यांनी केसन् केस काढला नाही. अस्वलाच्या अंगाभोवती केसांचा एक जाड थर आहे असं मानलं आणि त्या थरात प्रकाश कसा चमकेल याचं सूत्र मांडलं. ते सूत्र इतकं सोपं आणि कामाचं होतं की नंतर कितीतरी वर्षं व्हिडिओ गेमवाले तेच थोडंफार बदलून वापरत राहिले. पण ते अस्वल हलत नव्हतं.

हलणाऱ्या केसांचे पहिले प्रयत्न १९९१-९२ च्या सुमारास दिसतात. रोझेनब्लम आणि सहकाऱ्यांनी केस म्हणजे मण्यांची माळ मानली. मण्या-मण्यात स्प्रिंग, आणि वाकण्याला विरोध करणारी बिजागरी. जपानमध्ये केन अंज्यो यांनी वेगळी वाट धरली. एक टोक भिंतीत पक्कं बसवलेली तुळई जशी स्वतःच्या वजनाने वाकते, तसा डोक्यात रुतलेला केस वाकतो असं त्यांनी धरलं. तुळईचं गणित बांधकामवाल्यांना आधीपासून माहीत होतं, ते इथे उपयोगी पडलं. पण अंज्योंच्या पद्धतीत केस एकमेकांना लागत नाहीत. प्रत्येक केस जगात एकटाच असल्यासारखा हलतो. अशा केसांचं काय होतं? डोकं फिरवलं की ते एकमेकांच्या आरपार जातात आणि शेवटी डोक्याला चिकटून चपटे बसतात. केसांना जो फुगीरपणा असतो, तो मुळात ते एकमेकांना आत घुसू देत नाहीत म्हणून असतो.

सिनेमावाल्यांनी यावर काय केलं? सरळ विषय टाळला. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'चे नायक प्लास्टिकची खेळणी आहेत, हा काही योगायोग नव्हता. प्लास्टिक संगणकाला जमत होतं. माणसं त्यात कमी दिसतात आणि लांब मोकळे केस जवळपास नाहीतच, बांधलेली शेपटी फार तर.

२००१ साल मात्र मोठं निघालं. त्या वर्षी 'मॉन्स्टर्स इंक'मध्ये निळ्या लवेचा सली आला, त्याच्या अंगावर २३ लाखांहून जास्त केस होते. पण ते आखूड. आखूड केस एकमेकांत फारसे अडकत नाहीत, म्हणून जमले. त्याच वर्षी 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' आला. त्यातल्या आकी या नायिकेला सुमारे ६०,००० केस दिले होते, आणि ते केस सुंदर दिसावेत म्हणून प्रचंड मेहनत घेतली होती. सिनेमाला १३ कोटी डॉलरच्या वर खर्च आला, तो निघाला नाही आणि तो बनवणारा हवाईतला स्टुडिओ बंद पडला. फक्त केसांमुळे नव्हे, हे खरं. पण खरा माणूस हुबेहूब बनवण्याची किंमत काय असते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

हडप यांची कल्पना, आणि आपलं ज्वारीचं रान

आता ते मराठी आडनाव. २००१ च्या 'युरोग्राफिक्स' परिषदेत एक शोधनिबंध आला. लेखक दोन : सुनील हडप आणि नादिया मॅग्नेना-थालमान. जिनिव्हा विद्यापीठात मॅग्नेना-थालमान यांनी उभी केलेली 'मिरालॅब' ही प्रयोगशाळा कृत्रिम माणसं बनवण्यासाठी प्रसिद्ध होती, आणि हडप तिथे संशोधन करत होते. निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं : केस मोजत बसू नका, केसांचा द्रव समजा.

हे विचित्र वाटतं ना? मला ते पहिल्यांदा नीट समजलं ते ज्वारीमुळे. आपल्याकडे रब्बीची ज्वारी निसवली की बांधावर उभं राहून बघा. वारा आला की रानावरून लाट जाते. एकेक ताट बघितलं तर ते फक्त जरा पुढे वाकतं आणि मागे येतं, जागा सोडत नाही. पण रान बघितलं तर पाण्यासारखं वाहताना दिसतं. तुम्हाला ती लाट कागदावर मांडायची असेल तर प्रत्येक ताटाचा हिशोब ठेवायची गरज नाही. या जागी दाटी किती, वेग किती, कुठल्या दिशेला कल, एवढं कळलं तरी पुरे.

हडप यांनी हेच केसांना लावलं. प्रत्येक केसाचा स्वतःचा ताठपणा त्यांनी ठेवला, तो एका साखळीसारखा सोडवला. पण केसा-केसांतले संबंध जोडी-जोडीने तपासण्याऐवजी केस आणि हवा मिळून एक वाहतं मिश्रण मानलं. दाटी वाढली की दाब वाढतो आणि केस एकमेकांना बाहेर ढकलतात, फुगीरपणा तिथून येतो. शेजारच्या केसांचा वेग वेगळा असेल तर द्रवाच्या चिकटपणासारखं काहीतरी त्यांना एका वेगावर आणतं, बट एकत्र हलते ती त्यामुळे. यासाठी जे गणित वापरलं ते मूळचं १९७७ सालचं, खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांतला वायू मोजण्यासाठी काढलेलं. ताऱ्यांचं गणित डोक्यावरच्या केसांना लागू पडलं! साडेबारा लाख कोटी जोड्यांचा प्रश्न एका फटक्यात बाजूला झाला. हडप पुढे ड्रीमवर्क्स आणि अ‍ॅडोबी अशा ठिकाणी काम करत राहिले आणि केसांवरचं त्यांचं काम पुढेही चालू होतं.

खरं तर केसांना पुंजका म्हणून बघण्याची नजर फार जुनी आहे. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर, किंवा कुठल्याही चालुक्यकालीन देवळावर, सुरसुंदरींचे अंबाडे बघा. कारागिराने आधी दगडाचा एक गोळा ठेवला आणि मग त्यावर छिन्नीने रेघा ओढल्या. आकार गोळ्याचा, केसपणा रेघांचा. आपल्या डोळ्याला तेवढं पुरतं, आणि हे त्या कारागिराला माहीत होतं. संगणकवाल्यांना तिथवर यायला बारा वर्षं लागली, कारण त्यांचा अंबाडा सुटायचा होता, हलायचा होता आणि परत बांधायचा होता.

व्हायोलेट, रॅपुंझेल, मेरिडा

यानंतरचा इतिहास तुम्ही पडद्यावर पाहिलेला आहे, फक्त त्याकडे या नजरेने बघितलं नसेल.

२००४ च्या 'द इन्क्रेडिबल्स'मध्ये व्हायोलेट नावाची लाजाळू मुलगी आहे. तिचा लाजरेपणा कशातून दिसतो? चेहऱ्यावर ओढलेल्या लांब काळ्या केसांतून. धीट झाली की ती केस मागे घेते. म्हणजे केस काढले तर पात्रच उरत नाही. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांना हे केस हवेच होते आणि पिक्सारच्या तांत्रिक मंडळींकडे ते बराच काळ फक्त कागदावर होते. शेवटी जी पद्धत निघाली ती २००५ साली लेना पेट्रोविक, मार्क हेन आणि जॉन अँडरसन यांनी लिहून ठेवली. त्यात केसांची जागा छोट्या चौकोनी खणांत वाटली आहे, आणि दाटी व वेग हे त्या खणांत साठवले आहेत. म्हणजे पुन्हा रान बघायचं, ताट नाही.

इथे एक युक्ती सांगायलाच हवी, कारण आजही प्रत्येक स्टुडिओ ती वापरतो. लाखभर केसांपैकी काही शे किंवा हजार केसच प्रत्यक्ष सोडवायचे. बाकीचे त्यांच्या मागे चालतात. दिंडीत वीणेकरी जिकडे वळेल तिकडे मागची रांग वळते, तसंच. या पुढच्या केसांना मार्गदर्शक केस म्हणतात. तुम्ही पडद्यावर जे घनदाट केस बघता, त्यांतले बहुतेक वारकरी आहेत, वीणेकरी मोजकेच.

२०१० च्या 'टँगल्ड'मध्ये रॅपुंझेलचे केस ७० फूट लांब, म्हणजे २१ मीटरच्या आसपास. मी एकदा हिशोब केला. एक लाख केस, ०.०७ मिलिमीटर जाडी आणि पाण्यापेक्षा थोडी जास्त घनता धरली तर वजन दहा किलोच्या घरात जातं. एवढं ओझं डोक्याला बांधून कोणी धावू शकणार नाही. म्हणून डिस्नीने खरं भौतिकशास्त्र जिथे आड आलं तिथे ते सोडून दिलं. ती धावते तेव्हा केस हलके असतात, ती केसांना लोंबकळते तेव्हा ते दोरखंड असतात. या कामात पुढे असलेल्या केली वॉर्ड यांनी पीएचडीच केसांवर केली होती, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. त्या ज्या शोधनिबंधाच्या सहलेखिका आहेत त्या २००९ च्या निबंधात रान आणि ताट दोन्ही एकत्र आणलं आहे. दाटीचा हिशोब द्रवासारखा, पण प्रत्येक केसाचं वेगळेपण पुसू द्यायचं नाही. केसांवर पीएचडी करून काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

२०१२ च्या 'ब्रेव्ह'मधली मेरिडा कुरळी. आता प्रश्न बदलला. कुरळ्या केसाची स्प्रिंग असते. ती आकार टिकवण्याइतकी कडक केली तर केस तारेसारखे ताठ दिसतात. मऊ केली तर चालता-चालता कुरळेपणाच उलगडून जातो. पिक्सारने प्रत्येक कुरळ्या बटेच्या मधोमध एक काल्पनिक गुळगुळीत रेष धरली. बटेने लांबायचं-आखडायचं ते या रेषेच्या आधाराने, आणि वेढे मात्र शाबूत. सुमारे १,५०० मार्गदर्शक केसांवरून तिचे एक लाख अकरा हजारांच्या आसपास केस तयार झाले.

कुरळेपणाचं मूळ गणित मात्र दीडशे वर्षं आधीचं आहे. १८५९ साली गुस्टाव किर्खहॉफ यांनी बारीक दांडा वाकतो आणि पिळतो कसा याची समीकरणं मांडली. २००६ मध्ये फ्लोरेन्स बेर्ताय आणि सहकाऱ्यांनी ती केसांना लावली, आणि तेव्हापासून 'पीळ' हा शब्द आमच्या क्षेत्रात मानाने आला. अंबाडीचं दोर वळताना कोणी पाहिलं असेल तर त्याला हे सांगावं लागणार नाही. पीळ दोरात साठून राहतो, संधी मिळाली की दोर स्वतःभोवती वेढे घेतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण किर्खहॉफला कोणी सांगितली असती तर तो मान डोलावला असता.

आपल्याकडचे हात

या सगळ्यात आपण फक्त प्रेक्षक होतो का? नाही. २०१२ मध्येच आलेल्या 'दिल्ली सफारी' या ॲनिमेशनपटाचं काम पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने केलं. बिबट्या, माकड, अस्वल, पोपट अशी सगळी लवेची आणि पिसांची मंडळी. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पिक्सारच्या मानाने कितीतरी कमी पैशात केलेलं ते काम आहे, आणि त्याकडे त्या नजरेनेच बघायला हवं.

त्याच वर्षीचा 'लाइफ ऑफ पाय' आठवतो? त्यातला वाघ बहुतेक प्रसंगांत संगणकाचा आहे, अंगावर सुमारे एक कोटी केस. तो 'रिदम अँड ह्यूज' या अमेरिकी कंपनीने केला, जिचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या वाघासाठी ऑस्कर मिळालं. ही विसंगती जगभर चर्चेत राहिली. केस विंचरायचं, भांग पाडायचं, बटा वळवायचं जे काम असतं त्याला आमच्यात 'ग्रूमिंग' म्हणतात. ते बऱ्याचदा आपल्याकडची मुलं-मुली रात्र-रात्र बसून करतात. शोधनिबंधावर त्यांचं नाव नसतं. सिनेमाच्या शेवटी जी लांब यादी सरकते तिच्यात असतं, तोवर आपण थिएटरच्या बाहेर पडलेलो असतो.

कोणाचे केस सोडवले गेले?

आता थोडं थांबून या इतिहासाकडे बघा. लव, सरळ केस, सोनेरी केस, लाल कुरळे केस. केसांच्या चमकीवर जे काम झालं, त्यातला मोठा भाग सोनेरी केसांतून प्रकाश एका केसातून दुसऱ्या केसात कसा झिरपतो यावर आहे. काळ्या केसांत प्रकाश लवकर शोषला जातो, त्यामुळे हा प्रश्न तिथे तितका उरतच नाही. पिक्सारमध्ये काम केलेले आणि आता येल विद्यापीठात शिकवणारे थिओडोर किम यांनी २०२० साली हे उघडपणे लिहिलं : ज्याला आम्ही 'माणसाचे केस' म्हणत आलो, ते प्रत्यक्षात युरोपीय माणसाचे केस होते. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट वेढ्यांचे केस तर जवळपास कोणी अभ्यासलेच नव्हते. २०२४ मध्ये किम, ए. एम. डार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास अशा केसांसाठीच्या पद्धती मांडल्या. तीस-पस्तीस वर्षं उशिरा, पण मांडल्या.

मला हे वाचल्यावर आपले केस आठवले. आपल्याकडच्या बाईचे केस दिवसाचा किती वेळ मोकळे असतात? न्हायल्यावर वाळेपर्यंत. एरवी तेल, फणी, तिपेडी वेणी, अंबाडा, कमी पडले तर गंगावन. शाळेतली मुलगी दोन वेण्या रिबिनीने वर बांधते. ऊसतोडीला निघालेली बाई केस घट्ट बांधून वरून फडकं गुंडाळते. म्हणजे आपल्या केसांचा मूळ प्रश्न वाऱ्यावर उडणं हा नाहीच. तो आहे घर्षण, घट्टपणा आणि तेल. आणि नेमकं हेच द्रवाच्या गणिताला जमत नाही.

का जमत नाही? द्रवाचे कण एकमेकांजवळून सरकून जातात. वेणीतले केस सरकत नाहीत, म्हणून तर वेणी टिकते. वेणीला गाठ नसते, टोकाला रबर सोडलं तर काहीच नसतं. तिला धरून ठेवतं ते हजारो ठिकाणचं घर्षण. ते घर्षण ज्वारीच्या रानासारखं ढोबळ मोजता येत नाही. तिथे पुन्हा ताटं मोजावी लागतात. सिनेमात वेणी दिसते तेव्हा बहुतेक वेळा ती वेणीच्या आकाराची एक नळी असते आणि केस तिच्यावर रंगवल्यासारखे बसवलेले असतात. ती सुटताना तुम्हाला सहसा दाखवत नाहीत.

तेलाचं आणखी वेगळं. थोडं तेल घर्षण कमी करतं, फणी सहज फिरते. जास्त तेल शेजारच्या केसांना ओल्या केसांसारखं चिकटवून बटा करतं. खोबरेल तर केसाच्या आतही शिरतं. मुंबईत मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. केसातलं प्रथिन वाया जाणं लक्षणीय कमी झालं ते खोबरेलानेच. आपल्या आज्यांना हे माहीत होतं असं म्हणायचा मोह होतो. आज्यांना फणी सोपी जाते हे माहीत होतं. कारण रेळे-मोहिल्यांनी शोधलं. दोन्हीला मान आहे.

जट

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

केसावर सूक्ष्म खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाकडे उघडणारे. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, खरखरीत. म्हणजे घर्षण एका दिशेला कमी, दुसऱ्या दिशेला जास्त. गावोगाव 'केसांवर भांडी' देणाऱ्यांकडे जाणारे गुंतवळाचे केस आणि डोक्यावरून एका दिशेत कापलेले केस यांच्या भावात मोठा फरक असतो, तो याचमुळे. गुंतवळात मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात आणि असे केस पुन्हा पुन्हा अडकतात. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरमध्ये, बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे, अशा गुंत्यातून हाताने एकेक केस सोडवण्यावर हजारो कुटुंबं जगतात.

आता असं समजा की डोक्यावरचे केस बरेच दिवस विंचरले नाहीत. रोज माणसाचे पन्नास ते शंभर केस गळतात. ते गुंत्यातच राहिले. डोकं हललं, उशीला घासलं, की खवल्यांमुळे प्रत्येक सुटा केस एकाच दिशेने सरकतो, परत येऊ शकत नाही. गुंता फक्त घट्ट होऊ शकतो, सैल नाही. घोंगडी धुतल्यावर दाट होते ती लोकरीच्या अशाच खवल्यांमुळे. घाम, तेल आणि धूळ त्यात भर घालतात. काही महिन्यांत जी घट्ट दोरी तयार होते तिला आपण जट म्हणतो.

आपल्या भागात जट आली म्हणजे देवीचं बोलावणं आलं असं मानतात. कापली तर कोप होईल म्हणून बायका किलो-किलोचं ओझं वर्षानुवर्षं मानेवर वागवतात, आणि काहींच्या आयुष्याची दिशाच त्या एका गुंत्याने ठरवली जाते. अंनिसचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत काढून जट सोडवण्याचं काम करतात. ही समजूत फक्त आपलीच असंही नाही. युरोपात पोलंडमध्ये जटेला 'प्लायका' म्हणत, आणि ती कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होईल अशी भीती होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्राकूवच्या योझेफ डीट्ल या डॉक्टरने तिच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि हळूहळू ती प्रथा मागे पडली.

माझ्या सिम्युलेशनमध्ये सुरुवातीला सगळे केस मोकळे असतात. फक्त दिशेचं घर्षण आणि गळलेले केस, एवढंच मी त्यात घातलेलं आहे. डोकं हलत राहतं आणि हळूहळू गुंता जमू लागतो. खऱ्या जटेपासून तो अजून फार लांब आहे. घाम नाही, धूळ नाही, केसही थोडेच. पण दिशा ठळक दिसते : गुंता घट्ट होत जातो, आपोआप सुटत नाही. त्यात देवी कुठेही घातलेली नाही, तरी जट सुरू होते.

एखाद्या बाईची भीती एका व्हिडिओने जाईल असं मी म्हणत नाही. भीती माणसांनी बसवलेली असते, ती माणसांनाच समोर बसून काढावी लागते. पण जो कार्यकर्ता तिच्यासमोर बसतो, त्याच्या फोनवर हे दोन मिनिटांचं चित्र असावं, असं मला वाटतं. व्हायोलेटसाठी आणि रॅपुंझेलसाठी एवढी वर्षं, एवढा पैसा खर्च झाला आणि त्यातून हे गणित तयार झालं. ते आपल्या गावापर्यंत आणायला फार खर्च येत नाही.

पुढच्या लेखात वेणीच्या तीन पेडांचं गणित सांगेन. वाचण्याआधी घरात कोणाची तरी वेणी सोडून परत घालून बघा, आणि कुठला पेड कुठल्या पेडावरून जातो हे डोळे मिटून सांगता येतं का ते तपासा. बोटांना येतं ते तोंडाने सांगणं किती अवघड आहे, हे लगेच कळेल.